सामायिक वाचनसूचीसाठी मुक्तस्रोत साधन

प्रश्नकर्ती: एम. ए. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी वाचनसूची करायची आहे, जी दुवा उघडताच कोणालाही पाहता येईल, पण बदल मात्र आम्ही तिघे शिक्षकच करू शकू. कोणते साधन घ्यावे?

ग्रंथपाल: झोटेरो हे संदर्भनोंदी जमवून ठेवण्याचे मुक्तस्रोत साधन घ्यावे. जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००६ साली आलेल्या या साधनात मर्यादित सदस्यत्वाचा सार्वजनिक गट उघडता येतो. नोंदी सर्वांना दिसतात, संपादन सदस्यांपुरते राहते. फाइलींसाठी मोफत जागा ३०० एमबीच असून ती गटमालकाच्या खात्यातून मोजली जाते, म्हणून पीडीएफऐवजी दुवे जोडावेत. स्वामित्वहक्काच्या दृष्टीनेही तेच उचित.

संशोधक: सहमत आहे. लेखकाचे नाव आणि आडनाव स्वतंत्र रकान्यांत भरावे. माझ्या प्रबंधाची सूची तसे न केल्यामुळेच बिघडली होती.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. आजच गट उघडते.