मदत हवी आहे: नचिकेताच्या गोष्टीवर मुलीला काय उत्तर देऊ?

झोपताना मुलीला रोज एक जुनी गोष्ट सांगते, काल कठोपनिषदातली नचिकेताची सांगितली. नचिकेता यज्ञात दान देणाऱ्या वडिलांना पुन्हा पुन्हा विचारतो, मला कोणाला देणार? वडील चिडून म्हणतात तुला यमाला देतो, आणि हा खरंच जातो, यम घरी नाही म्हणून ३ रात्री उपाशी थांबतो, मग ३ वर मिळतात. मुलगी ९ वर्षांची आहे, तिने मधेच विचारलं "आई, बाबा एवढं वाईट बोलले तरी पहिला वर त्याने बाबांचा राग शांत व्हावा म्हणूनच का मागितला?"

मला उत्तरच सुचेना. लहानपणापासून मला फक्त तिसरा वर, मरणानंतर काय होतं तो, लक्षात होता, पहिल्याकडे कधी बघितलंच नाही. त्यात त्याच सकाळी मी तिच्यावर उगाच ओरडले होते (डब्यावरून, जाऊदे), आणि संध्याकाळी तीच येऊन मला चिकटली होती.

तुम्ही मुलांना हे कसं समजावता? वडील चुकले असं सरळ सांगू का? श्रद्धा म्हणजे निमूट ऐकणं असं तिला वाटायला नकोय, कारण नचिकेताने वडिलांना प्रश्न तर विचारलाच होता. आणि घरातल्या रुसव्याफुगव्याशी जोडता येतील अशा अजून गोष्टी असतील तर प्लीज सुचवा.