जुन्या गाडीचा 'आपला' मिस्त्री कुठे सापडला?

परवा भोसरीत भंगारवाल्याच्या दारात एक मॅटाडोर व्हॅन दिसली. चाकं नाहीत, काचा नाहीत, पण आत कुणीतरी ठोकलेली लाकडी मांडणी तशीच. बरण्या अडकवायच्या भोकांसकट. मी बघतच राहिले, मागचा रिक्षावाला ओरडला तेव्हा गाडी हलवली.

आमच्या बाबांनी एका कारखान्यातली जुनी मॅटाडोर घेऊन तिचं असंच घर केलं होतं. दोन बर्थ, स्टोव्ह, पाण्याचा पिंप. इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं, ओएम ६१६. त्यामुळे "आपल्याकडे मर्सिडीज आहे" हे येईल त्याला ऐकवलं जायचं. ही मर्सिडीज चढ आला की दम टाकायची. पुण्यात तीन गॅरेजांचं एकच निदान, इंजिन खोला.

१९९६ च्या मे महिन्यात हरिहरेश्वरहून येताना वरंध्याच्या पायथ्याला बंदच पडली. बिरवाडीहून एक म्हातारे मिस्त्री सायकलवर आले. डिझेलच्या नळीतली हवा काढून इंजिन चालू केलं, ऑइलचं झाकण उघडलं आणि भोकावर तळहात धरला. "धाप लागत नाही हाताला. पिस्टनच्या रिंगा चांगल्या हायत, खोलायचं कशाला?" मग पिशवीतून पारदर्शक नळीचा तुकडा काढून डिझेल पंपाच्या आधी जोडला आणि मला जवळ बोलावलं. नळीतून बुडबुडे चाललेले! टाकीजवळची रबरी नळी चिरली होती, तिथून हवा ओढली जात होती. चाळीस रुपये घेतले आणि आईच्या हातचा चहा.

असे लोक तुम्हाला कसे सापडले? लिहा.

घाटवेडा
मस्त धागा. रुमाल टाकून ठेवतो, रात्री लिहितो.

उद्यमनगरी
आमच्याकडे कोल्हापुरात मिस्त्री शोधायचा नसतो, लेथवाला शोधायचा असतो. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा (घरचाच, आत गाद्या टाकून पंढरपूर-तुळजापूर करायचो) वॉटर पंप गेला. नवा मिळेना. उद्यमनगरात एकाने जुनी शाफ्ट हातात घेऊन नखाने खाच चाचपली, म्हणाला नमुना ठेवून जा, संध्याकाळी या. संध्याकाळी म्हणजे तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ, पण शाफ्ट अजून चालू आहे. ह्या लेथवाल्याचा पत्ता दिला कुणी? पाटेवाल्याने, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करणाऱ्याने. पाटेवाले, रेडिएटरवाले, डिझेल पंपवाले ह्यांना विचारा. कुणाचं काम परत येतं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

सुगरण_नाही
@उद्यमनगरी पंढरपूर वारीला की एरवी? आमचेही दिंडीबरोबर गाडी नेतात.

उद्यमनगरी
एरवी हो. वारीत गाडी घालायची आपली छाती नाही.

सॅक्रामेंटोचा_बंड्या
इकडची कथा. २०१९ मध्ये हौसेने १९७६ ची जीएमसी मोटरहोम घेतली, २६ फुटी. बायकोने पंधरा दिवस अबोला धरला. ही गाडी १९७३ ते ७८ एवढीच वर्षं निघाली. पुढची चाकं ओढणारी, ओल्ड्समोबिलचं ४५५ इंजिन, मागे पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या. ट्रकवाल्याकडे नेली तर म्हणे आत स्वयंपाकघर आहे, आम्ही हात लावत नाही. आरव्हीवाल्याकडे (असल्या घर-गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडे) नेली तर म्हणे छप्पर, नळ, फ्रिज करू, इंजिनाचं बघा तुमचं तुम्ही. अर्धनारीश्वर झालाय, दोन्ही देवळांत प्रवेश नाही. एका ठिकाणी चार महिने नुसती उभी होती. पार्किंगचे पैसे वर.

शेवटी ह्याच गाड्यांच्या मालकांच्या क्लबातले एक सत्तरीचे आजोबा भेटले. बॉनेट न उघडता गाडीखाली आडवे झाले, पेट्रोलची एकेक रबरी नळी बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाले आजच्या आज बदल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने खराब होतं, आणि ह्या गाड्यांना आग लागते ती तिथून. पैसे घेतले नाहीत, इडल्या घेतल्या.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी: काम सुरू करायच्या आधी लेखी अंदाज मागा, तो तुमचा कायद्याने हक्क आहे. आणि काम देतानाच सांगा, काढलेला जुना पार्ट मला परत हवा. हे वाक्य ऐकून ज्याचा चेहरा पडतो तिथून निघा.

नाना_पेठी
जुना पार्ट मागायचा हे आमचे आजोबापण सांगायचे, पुण्यातच :) फक्त आमच्या मेकॅनिकने दुसऱ्याच कुणाचातरी पार्ट दिला. स्कूटरचा!! गाडी आमची फियाट.

मेघना_के
हसून हसून मेले 😂

वायरमन_काका
धुराचा रंग न विचारता इंजिन खोला म्हणणारा मिस्त्री मी दारातूनच परत पाठवतो. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, वर पाणीही कमी होतंय, तर हेड गॅसकेट बघा. एवढं तरी विचारावं माणसाने.
धागाकर्तीच्या बाबांनी स्टोव्ह ठेवला होता तो रॉकेलचा असणार. आता लोक सिलिंडर ठेवतात. तो गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. गाडीच्या तळाला भोक हवंच. खिडकी उघडी ठेवून भागत नाही.

घाटवेडा
आलो. माझ्या अनुभवाची सुरुवात उलटी आहे, फसवणाऱ्या माणसापासून. जुना कॅम्पर घेताना "टायर नवे" म्हणून सांगितलं. नक्षी खरंच खोल होती. तळेगावच्या पुढे एक फुटला, सुदैवाने डावीकडचा मागचा. पंक्चरवाल्याने बाजूवरचे चार आकडे दाखवले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर अकरा वर्षांचा! त्याने उरलेल्या तिघांवरही खडूने वर्षं लिहून दिली आणि एकही टायर विकायचा प्रयत्न केला नाही. विकायला होते त्याच्याकडे. आता दूर पडतो तरी त्याच्याकडेच जातो.

सुगरण_नाही
आत्ताच खाली जाऊन आमच्या गाडीचे आकडे पाहून आले. ह्यांना फोन केलाय.

मेघना_के
आणि??

सुगरण_नाही
ते मीटिंगमध्ये आहेत म्हणे. घरी येऊ देत.

नाना_पेठी
धागाकर्त्या ताई, मॅटाडोरचं पुढे काय झालं?

(धागाकर्ती)
२००४ मध्ये विकली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढची लांब सीट मात्र काढून ठेवली होती, ती अजून गच्चीत आहे. सध्या तिच्यात मांजर व्यालीय, तीन पिल्लं. कुणाला हवं असेल तर सांगा, एक पूर्ण काळं आहे.