पंपाच्या 'हेड'ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: विहिरीवरच्या पंपाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. 'हेड ३० मीटर' (म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो तो आकडा) इथे अडलो. 'दाबोच्चता' लिहिलं, तर पंपवाले म्हणाले, कळत नाही. नुसतं 'उंची' लिहावं तर पाइपातल्या घर्षणाने जाणारा दाबही त्यात धरलेला असतो. काय लिहू?

संत्राबाग: हेडच लिहा ना भाऊ. आमच्या काटोलकडे मिस्त्री, दुकानदार, शेतकरी सगळे 'किती हेडची मोटर?' असंच विचारतात.

शुद्धमती: अशानं मराठीत नवा शब्द कधीच रुजायचा नाही. 'रक्तदाब' रुजलाच की.

संत्राबाग: कुठं रुजला ताई? माझी आजी 'बीपी वाढला' म्हणते.

मेडिकल चौक: मुळात दाब मीटरमध्ये कसा मोजतात?

जलप्रदाय निवृत्त: पाण्याच्या १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब. टाकी रुंद की अरुंद, याने काही फरक पडत नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्याच्या नळाला जोर नाही म्हणून मोठी टाकी घ्यायचं ठरत होतं. मी भांडून थांबवलं. टाकी त्याच गच्चीवर राहिली तर पाणी जास्त साठेल, जोर तेवढाच. टाकी उंच चढवा, नाहीतर प्रेशर पंप लावा.

शुद्धमती: 'जोर'! हा शब्द चालेल की. शिवाय 'दाब' आणि 'दबदबा' एकाच कुळातले, म्हणजे तोही आपलाच.

धरमपेठकर: दबदबा फारसीतून आलाय. आणि 'जोर'सुद्धा.

सेमिनरी हिल्स: आमच्या भूगोलात 'वायुभार' आणि (सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या) 'समभार रेषा' होत्या. आता मुलं 'हवेचा दाब' शिकतात. मला भारच योग्य वाटतो. डोक्यावरच्या हवेचं वजन म्हणूनच तर तो असतो, आणि वर चढलं की कमी होतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, म्हणून इथला प्रत्यक्ष दाब समुद्रकाठापेक्षा ३५ मिलिबारच्या आसपास कमी. हवामानाच्या नकाशावरचे आकडे समुद्रसपाटीला आणून दिलेले असतात, म्हणून हा फरक तिथे दिसत नाही.

जलप्रदाय निवृत्त: कारण वजन असेल, पण भार खालीच जातो. दाब सगळीकडून येतो. टाकीला बाजूने भोक पाडा, धार आडवी उडते. ती 'भार' शब्दात कुठे बसते? पुस्तकवाल्यांनी बदललं ते बरोबरच केलं.

सेमिनरी हिल्स: मग 'वायुभारमापक'चं काय करणार? पिढ्यान् पिढ्या वापरलेला शब्द मोडीत काढायला एवढं कारण पुरत नाही.

मेडिकल चौक: चिखलदऱ्याला, हजारेक मीटरवर, उघड्या भांड्यात डाळ शिजायला वेळ लागतो. हवा तिथे वरूनच नाही, चारही बाजूंनी कमी दाबते, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. मी 'दाब'च्या बाजूने.

संत्राबाग: आमच्याकडे 'हवा भारी झाली' म्हणजे पाऊस येणार. पण तेव्हा तर दाब उतरलेला असतो! मग 'भार' कसा म्हणायचा?