मदत हवी आहे: पुरात तोंडी सांगण्यावर दिलेल्या मालाचं बिल ‘निविदा नाही’ म्हणून अडलंय

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या आप्पांचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या नायब तहसीलदारांनी त्या रात्री फोन केला, त्यांच्यावर आमचा काडीचाही राग नाही. ते स्वतः गुडघाभर पाण्यात उभे होते.

गोष्ट २२ सप्टेंबर २०२५ ची, घटस्थापनेच्या दिवसाची. नदीकाठच्या वस्त्यांवरची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी ट्रॅक्टरमधून आणून जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवली होती. रात्री साडेअकराला फोन आला, "आप्पा, दुकान उघडा. तीनशेच्या वर माणूस आहे, लेकरं उपाशी आहेत. माल लावा गाडीला, कागदाचं सकाळी बघू." आप्पांनी एकही प्रश्न न विचारता शटर उघडलं. पहाटे चारपर्यंत मी, भाऊ आणि दोन हमाल माल चढवत होतो. पाच दिवसांत तांदळाचे ४० कट्टे, तीन क्विंटल तूरडाळ, तेलाचे १० डबे, ११० ताडपत्र्या, १५० ब्लँकेटं, शिवाय बिस्किटं, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि पाण्याचे जार गेले. एकूण बिल २,६१,४०० रुपये. दर रोजच्या गिऱ्हाइकाचेच लावले, रुपयाही वर नाही.

मी शंभर पानी वहीत प्रत्येक खेप लिहीत होते आणि शाळेच्या दारात तलाठी सही करत होते. तिसऱ्या पानावर पाणी पडून जेल पेनची शाई पसरली आहे. ‘ताडपत्री ४०’ मधला शून्य नीट वाचता येत नाही, सही मात्र स्पष्ट आहे.

बिल ऑक्टोबरातच दिलं. दोनदा परत आलं. तीन त्रुटी काढल्या आहेत: निविदा किंवा दरपत्रकं नाहीत, लेखी पुरवठा आदेश नाही, आणि ‘शाबूदाणा व भगर कशासाठी?’

या तिसऱ्या त्रुटीचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की शाळेतल्या निम्म्या बायका नऊ दिवसांच्या उपवासाच्या आहेत. घरात पाणी शिरलेलं, बसवलेला घट तिथेच राहिलेला, तरी उपवास मोडायला कोणी तयार नाही. ताटातला भात लेकरांपुढे सारून स्वतः नुसतं पाणी पीत होत्या. म्हणून साहेबांनीच सांगितलं की शाबू, भगर आणि दाणे पाठवा. एक म्हातारी आजी भगरीचं पातेलं पाहून रडली होती. हे बिलाच्या कोणत्या रकान्यात लिहायचं?

आता साहेबांची बदली झाली आहे. टेबलावरून तोंडी सुचवलं गेलं, "मागच्या तारखेची तीन दुकानांची दरपत्रकं आणून लावा, बिल निघेल." आप्पा म्हणतात, जे त्या रात्री झालंच नाही ते कागदावर लिहून देणार नाही. इकडे लातूरच्या डाळमिलचे पैसे आम्ही व्याजाने काढून दिले आणि ताडपत्र्यांवरचा जीएसटीही भरून झाला.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधलं कलम ५० मी वाचलं. त्यात तातडीच्या खरेदीला निविदा लागत नाही असं दिसतं. मग आमचं बिल त्यात बसतं का? कोणता कागद कोणाकडून मागायचा? आणि ज्यांनी मदत मागितली त्या साहेबांना ऑडिटमध्ये त्रास होणार नाही, असा मार्ग आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १ (निवृत्त लेखा कर्मचारी, लातूर)

ताई, कलम तुम्ही बरोबर शोधलंय. फक्त ते नीट सुटं करून बघा. निविदेची नेहमीची पद्धत माफ झाली असं कायदा मानतो, पण राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संबंधित खात्याला तातडीच्या खरेदीसाठी प्राधिकृत केलं असेल तरच. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे नायब तहसीलदारांचा फोन एकटा पुरत नाही, त्याच्यामागे प्राधिकरणाचा आदेश असावा लागतो. एवढ्या मोठ्या पुरात तसा सर्वसाधारण आदेश निघालेला असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त तो तुमच्या बिलाला जोडलेला नसेल.

त्याच कलमात पुढे आहे की प्राधिकृत नियंत्रण अधिकाऱ्याने माल वापरला गेल्याचं प्रमाणपत्र दिलं, तर हिशेबासाठी तेच वैध प्रमाणक, म्हणजे व्हाउचर. माझ्या नोकरीत अशी बिलं अडलेली पाहिली ती बहुतेक याच एका कागदासाठी. साहेबांची बदली झाली असली तरी तलाठ्यांच्या सह्यांची वही आणि शाळेतली शिबिराची हजेरी यांच्या आधारे आजचे अधिकारी ते देऊ शकतात. त्या वेळच्या साहेबांकडून ‘मी फोनवरून मागणी केली होती’ असं आजच्या तारखेचं पत्र मिळालं तर फारच बरं. त्यात त्यांचंही संरक्षण आहे, कारण ऑडिटला कोरी जागा दिसली की शंका येते.

मागच्या तारखेची दरपत्रकं अजिबात देऊ नका. आप्पांचं शंभर टक्के बरोबर आहे. आज तुमचं बिल खरं आहे, खोटा कागद लागला की सगळी फाइलच खोटी ठरते. दर वाजवी होते हे दाखवायला त्याच आठवड्यातली इतर गिऱ्हाइकांची पक्की बिलं आणि तुमची खरेदीची बिलं लावा. निविदा माफ असली तरी दर तपासायचा अधिकार ऑडिटला असतोच.

भगरीबद्दल एवढंच लिहा: ‘शिबिरातील उपवास करणाऱ्या महिलांसाठी अन्न’. सोबत तारीख आणि महिलांचा अंदाजे आकडा द्या. कलमात शब्द आहे तो मदतीसाठी लागणाऱ्या वस्तूंचा. उपाशी माणसाला जे खाता येतं तीच मदत.

आदेशाची प्रत देत नसतील तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत कलम ५० खाली काढलेल्या आदेशांच्या प्रती’ एवढा एकच विषय ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला, मी नोकरीत नवा होतो. तेव्हा हा कायदाच नव्हता. कित्येक दुकानदारांनी वहीवर सही घेऊन माल दिला होता. तुमच्या वहीबद्दल वाचून ती माणसं आठवली.

प्रतिसाद २ (वकील)

वरच्या काकांनी सांगितलेला मार्गच आधी धरा. तो चालला नाही तर पुढचं सांगतो.

राज्य सरकारचा करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने आणि ठरलेल्या रीतीने व्हावा लागतो. फोनवरचं बोलणं त्यात बसत नाही, म्हणून ‘करारच नाही’ असं उत्तर येऊ शकतं. घाबरू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे, फुकट द्यायचा हेतू नसताना कायदेशीरपणे दिलेल्या वस्तूचा लाभ समोरच्याने घेतला असेल, तर त्याने भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल अँड सन्स या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ (एआयआर) या निकालसंग्रहात १९६२ साली छापलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम सरकारलाही लागू केलं. तिथेही अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून काम झालं होतं आणि रीतसर करार नव्हता.

दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. मुदत साधारण माल दिल्यापासून तीन वर्षांची, म्हणून निवांत राहू नका. लघुउद्योगांना उशिराच्या पैशावर व्याज मिळतं असं कोणी सुचवेल, पण किरकोळ आणि ठोक व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) २०२१ पासून होत असली तरी तिचा फायदा बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच आहे. त्या वाटेला वेळ घालवू नका.

प्रतिसाद ३

आमच्या चुलत्यांचा ट्रॅक्टर तीन दिवस बचावाला होता, डिझेल घरचं. त्याचंही काही होतं का?

प्रतिसाद ४ (वकील)

ट्रॅक्टर लेखी आदेशाने अधिग्रहित केला, म्हणजे सरकारी कामासाठी ताब्यात घेतला असेल, तर आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचीच कलम ६५ आणि ६६. त्या भागात वाहनभाड्याचा जो दर चालू असेल त्यावरून मोबदला ठरतो. लेखी आदेश नसेल तर तुमचाही प्रश्न ताईंसारखाच. कोणत्या दिवशी कोणाच्या सांगण्यावरून किती फेऱ्या झाल्या, ते आठवतंय तोवर लिहून काढा.

धागा लेखिका

काका, वकीलसाहेब, मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद आप्पांना वाचून दाखवले. दरपत्रकांचं ऐकून ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. जुन्या साहेबांना आज फोन केला. ते लगेच म्हणाले, "पत्र देतो, या आठवड्यात देतो. शाळेतले फोटोही आहेत माझ्याकडे." माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकते.

एक शेवटचं विचारते. वहीचं ते भिजलेलं पान आता कडेने सुटायला लागलंय. लॅमिनेट करून ठेवू का?

प्रतिसाद ५ (निवृत्त लेखा कर्मचारी, लातूर)

नको. लॅमिनेट करू नका आणि पान वहीतून काढूही नका. पुसट शून्यावर पेन तर मुळीच फिरवू नका. आहे तसा फोटो काढा, पूर्ण वहीची झेरॉक्स साक्षांकित करून घ्या आणि बिलाला तीच जोडा. तो आकडा तुमच्या त्या दिवसाच्या स्टॉकवरून आपोआप जुळेल. मूळ वही घरातून बाहेर जाऊ देऊ नका, कोणी मागितली तरी.