मदत हवी आहे: कुडाळात नवोदितांची बँड स्पर्धा, वाजवणाऱ्या पोरांपर्यंत पोचायचं कसं?

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आम्ही काही मित्र मिळून कुडाळला नवोदित वादक-गायकांसाठी 'बॅटल ऑफ द बँड्स' घेतोय. मैदान, साउंडवाले, बक्षिसाची रक्कम, सगळं जुळलंय. अडलंय ते प्रसिद्धीपाशी.

आतापर्यंत चौकशी केली ती बहुतेक कॉलेजच्या मुलांनी, गिटार-कीबोर्डवाल्यांनी. त्यांचं मनापासून स्वागत आहे. पण सिंधुदुर्गात खरा तयारीचा हात मला दिसतो तो भजनी मंडळांत आणि मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पथकांत. विशीतली पोरं पखवाज असा वाजवतात की ऐकत राहावं. त्यांना स्पर्धेचं सांगितलं की म्हणतात, "आमचा थय काय काम?" हे मला फार लागतं. समोरासमोरचा सामना आपल्याकडे काही नवा नाही. भजनाच्या डबलबारीत दोन बुवा, म्हणजे मंडळांचे मुख्य गायक, रात्रभर एकमेकांना उत्तरं देतात आणि माणसं जागची हलत नाहीत. रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबातही तेच. पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात बँडची 'लाइव्हवायर' स्पर्धा होते, पण तिथवर यातली किती मुलं पोचणार? मंच इथेच हवा.

नियम सोपे ठेवलेत: प्रवेश फी नाही, कोणतंही वाद्य चालेल, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि त्यात निदान एक रचना स्वतःची. ड्रमसेट आणि अ‍ॅम्प सर्वांना मिळून एकच, म्हणजे मंच लवकर मोकळा होतो.

मे निवडला तो चाकरमानी गावात असतात म्हणून, आणि पहिलाच पंधरवडा धरलाय, पुढे वळवाचा भरवसा नाही. आता सांगा, पोस्टरवर काय दाखवावं? मुंबईतल्या गावमंडळांना आधीच कळवावं का? प्रेक्षकांची मतं मोबाइलवर घ्यावीत असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, ज्याचा गाव मोठा तोच जिंकेल.

प्रतिसाद, देवगडहून:

पोस्टर छापण्याआधी दोन-तीन बुवांना भेटा. बुवा "जा रे" म्हणाले की पोरं येतात, एरवी कितीही बॅनर लावा. दुसरं, पखवाज-तबल्याला शाई भरणारे, वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) ओढून देणारे कारागीर. तालुक्यातला प्रत्येक वादक त्यांच्याकडे जातोच, तिथे एक कागद चिकटवा. एसटी स्टँड त्यानंतर.

पखवाज आणि ड्रम एकत्र वाजतायत असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि गावमंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडा. मुंबईकरांना एप्रिलच्या सुरुवातीलाच कळू दे, मेची कोकण रेल्वेची तिकिटं आयत्या वेळी मिळत नाहीत. तालुक्याच्या वार्ताहरांना नुसती तारीख देऊ नका, एखाद्या पथकाची गोष्ट द्या, ती छापून येते.

मोबाइल मतदान नकोच. मैदानात आलेल्याला दारावर एक चिठ्ठी द्या आणि ती गुणांच्या पाव हिश्शाइतकीच धरा.

वेळेचं मात्र आत्ताच बघा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद. सहा पथकं, प्रत्येकी १५ मिनिटं आणि मध्ये १० मिनिटं मांडामांड, म्हणजे जवळजवळ अडीच तास. निकाल-बक्षिसं धरून संध्याकाळी ६ ला सुरू कराच. आणि दुसऱ्यांची गाणी वाजणार असतील तर आयपीआरएसच्या (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवान्याची चौकशी करून ठेवा.

धागाकर्ता:

शाई भरणाऱ्यांकडे उद्याच जातो, हे कुणालाच सुचलं नव्हतं. खूप आभार. आता एकच अडचण: परीक्षकांत एक बुवा आणि एक ड्रमर बसवायचा विचार आहे. दोघांचे कान वेगळे. मग ताल, गाणं आणि स्वतःची रचना यांना गुण कसे वाटून द्यावेत? कुणी अशी मिश्र स्पर्धा घेतली असेल तर तुमची गुणपत्रिका कशी होती ते लिहा.