मदत हवी आहे: अल्गॉन्क्विनमधल्या कनू (वल्ह्याची अरुंद, हलकी होडी) कॅम्पिंगसाठी आधी काय घ्यावं?

पाणवाट:
ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ओंटारिओतल्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये कनू लेकवरून आत जाऊन 3 रात्री राहायचा बेत आहे. दोन मोठी माणसं आणि 10 वर्षांची मुलगी. वाटेत तीन पोर्टेज (कनू आणि सामान उचलून जमिनीवरून चालायच्या वाटा), सगळ्यात लांब 800 मीटरच्या आतलं. घरात 6 किलोचा तंबू, 60 लिटरच्या दोन ट्रेकिंग सॅक, गॅस स्टोव्ह आणि स्लीपिंग बॅगा आहेत. 900 डॉलरमध्ये बसवायचंय. कनू विकत घ्यावी का? निळं बॅरल (शिधा ठेवायचं घट्ट झाकणाचं पिंप) खरंच लागतं का? तंबू बदलू का?

रानवल्हं:
कनू भाड्यानेच घ्या, पण केवलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) मागा. 17 फुटी केवलर साधारण 20 किलोची असते, तेवढीच ॲल्युमिनियमची 30 किलोच्या वर जाते. पोर्टेजवर एकट्याने डोक्यावर घेऊन चालायचं असतं, तिथे हा फरक मानेला कळतो. केवलर खडकावर घासू देऊ नका. घोटाभर पाण्यात उतरायचं आणि कनू उचलून काठाला लावायची. म्हणजेच दिवसभर ओले राहतील असे, पुढून बंद बूट हवेत. चपला नकोत. मुक्कामावर घालायला कोरडा जोड वेगळा.

सामान निवडताना मी एकच हिशोब धरते: पोर्टेजवर किती खेपा? एका खेपेत सगळं गेलं तर 800 मीटरला 800 मीटरच चालणं होतं. दोन खेपा झाल्या की जाणं, रिकामं परत येणं आणि पुन्हा जाणं मिळून 2400 मीटर. म्हणून हातात लोंबणाऱ्या सुट्या वस्तू शून्य असाव्यात. वल्ही, दोर, पाण्याच्या बाटल्या बांधून टाका. तुमच्यासाठी दोन खेपांचंच नियोजन करा, मुलीच्या पाठीवर 4 किलोपेक्षा जास्त देऊ नका.

नव्या सॅक घेऊ नका. आहेत त्यांत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घाला, तोंड पिळून दुमडा आणि बांधा. कनूच्या तळाशी पाणी साचतंच, नुसतं रेनकव्हर ते अडवत नाही, कारण पाणी खालून शिरतं.

शिदोरी:
बॅरलबद्दल. तीन माणसांचा चार दिवसांचा सुका शिधा साधारण 7 किलो होतो. तो 30 लिटरमध्ये बसतो, पण भांडी आणि स्टोव्ह बाहेर राहतात, म्हणून 60 लिटरचं घ्या. पैसे वाचवायचे असतील तर बॅरल जुनं चालेल, पट्टे मात्र चांगले घ्या. कमरेचा रुंद पट्टा नसेल तर सगळं वजन खांद्यावर येतं. जुनं घेताना झाकणाचं रबर तपासा: थोडं पाणी भरून, कडी लावून पाच मिनिटं उलटं धरा.

बॅरल अस्वलाला रोखत नाही, वास कमी करतं एवढंच. रात्री ते जमिनीपासून 4 मीटर उंच आणि खोडापासून 2 मीटर लांब टांगायचं. टूथपेस्टसुद्धा त्यातच. दोर 8 मिलिमीटरचा, 20 मीटर. बारीक दोराने हात कापतो आणि फांदीतही तो रुततो.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी मुद्दाम: पार्कच्या आतल्या भागात खाण्याचे डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे. लोणच्याची बरणी घरीच ठेवा, लोणचं घट्ट झाकणाच्या, परत वापरायच्या प्लॅस्टिकच्या डबीत न्या. मुगाच्या खिचडीचं डाळ-तांदूळ-मसाला मिश्रण एका जेवणाला एक पिशवी असं घरीच मोजून भरा.

पाणवाट:
मनापासून आभार. मग तंबूचं काय? आणि स्लीपिंग बॅगेवर 5 अंश लिहिलंय, पुरेल?

तंबूठोक:
तंबू बदलाच. पैसे तिथेच घाला. 6 किलो हे एक कारण, पण मोठं कारण खडक. तिथे मातीचा थर पातळ, खाली कॅनेडियन शील्डचा (कॅनडातल्या प्राचीन खडकाळ पट्ट्याचा) कातळ, खुंट्या शिरतच नाहीत. काड्यांवर आपला आपण उभा राहणारा, 3 किलोच्या आसपासचा चौघांचा तंबू बघा. बाहेरच्या पडद्याचे दोर दगडांना बांधा: दोराच्या फासात छोटा दगड अडकवायचा आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा दोरावर ठेवायचा. तंबूखालचा कपडा कडेबाहेर दिसता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी त्यावर झेलून तंबूखाली जातं.

10 बाय 12 फुटांचा हलका टार्प (वर ताणून बांधायची ताडपत्री) हवाच. पावसात स्वयंपाक त्याखालीच होतो. सिलनायलॉन (सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन) भिजलं की सैल पडतं, सिलपॉली (तसंच पॉलिएस्टर) कमी. टार्प ज्यावर टाकायचा त्या मधल्या दोरासाठी 15 मीटर धरा.

5 अंश हा ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल असा) आकडा आहे की ‘लिमिट’ (जेमतेम निभेल असा), ते लेबलवर पाहा. लिमिट असेल तर थंडी वाजेल. ऑगस्टअखेरच्या रात्री 10 अंशांखाली जाऊ शकतात. नवी बॅग घेण्याआधी खालची मॅट बघा, आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचं माप) 3 तरी हवी. बरीच थंडी जमिनीतून येते.

रानवल्हं:
सुरक्षेचं राहिलं. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, 15 मीटरचा तरंगता दोर, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी. बहुतेक ठिकाणी हे कनूबरोबर मिळतं, पण मुलीचं जॅकेट स्वतःचं घ्या. लेबलवर तिचं वजन बसलं पाहिजे. पट्टे आवळून खांद्यांपाशी वर उचला, ते कानांपर्यंत सरकलं तर मोठं आहे. वल्ही मापून घ्या: ताठ बसून बैठकीपासून नाकापर्यंतचं अंतर म्हणजे पातं सोडून दांडा. एक वल्हं जादा ठेवा.