आडव्या बाटलीच्या प्रचारात पक्षाचा झेंडा हवा की नको?

खडीसाखर: आमचा पक्ष छोटा, तालुक्यात पोरंटोरं धरून चाळीसेक कार्यकर्ते, झेडपीला डिपॉझिट वाचलं तरी आम्ही पेढे वाटू. आता शेजारच्या गावात देशीचं दुकान बंद करायला मतदान लागायची चिन्हं आहेत आणि माझं मत सरळ आहे, पक्षाने नावानिशी, झेंडा घेऊन उतरावं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की एक्साइजवाले सह्या पडताळतात, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मेख पुढे आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं चालत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. समजा यादीत 1000 नावं, 600 जणी आल्या आणि त्यातल्या 490 जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच! घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीत जमा. म्हणून भाषणाने काही होत नाही, यादी घेऊन दारोदार फिरणारी माणसं लागतात आणि ती आमच्याकडे आहेत.

पारावरचा: माणसं आहेत तर पाठवा की, झेंडा कशाला? आमच्याकडे असंच झालं. सरपंचाच्या घरातल्या दोघी-तिघींनी निवेदनावर सह्या केल्या होत्या, मग एका पक्षाचे लोक स्पीकर लावलेली रिक्षा घेऊन आले आणि त्या पडताळणीला फिरकल्याच नाहीत. दुकानदाराला एवढंच पाहिजे असतं, "बघा, हे राजकारण आहे" म्हणायला मोकळा.

खडीसाखर: तो तसंही म्हणतोच. झेंडा नसेल तर म्हणेल हे छुपे आलेत. आणि मोठे पक्ष का येत नाहीत ते सांगा ना, परमिट रूममध्ये कोणाकोणाची भागीदारी असते ते मी इथे लिहीत नाही, तुमच्या तालुक्यातलं तुम्हाला माहीत असेलच.

उंटावरून: दोघांनाही एक विचारतो, बंद करून होतं काय? वर्ध्यात 1975 पासून बंदी, गडचिरोलीत 1993 पासून, म्हणून तिथे दारू मिळत नाही काय? चंद्रपूरला 2015 ला बंदी केली आणि 2021 ला सरकारनेच उठवली. लायसनचं दुकान गेलं की हातभट्टी आणि खोक्यातून घरपोच. प्रचार करणारे तोवर पुढच्या गावात.

कावेरी_बचतगट: जिल्ह्याची बंदी वरून येते हो, ही गावातल्या बायकांनी मागितलेली असते, दोन्ही एका मापाने मोजू नका. हातभट्टीचा त्रास आहे, नाही कुठे म्हणते. पण ती चोरून चालते, दुकान एसटी स्टँडसमोर राजरोस चालतं आणि पोरी शाळेतून येताना त्याच्यासमोरून येतात. झेंड्याचं म्हणाल तर मला त्याचं सोयरसुतक नाही. आम्हाला मारलं ते यादीने. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं तशीच, दोन आज्या वारल्या त्यांचीही तशीच, ऊसतोडीला गेलेल्या वेगळ्याच. ही सगळी नावं एकूणात धरली जातात. नाव कमी करायला फॉर्म 7 भरावा लागतो आणि तो मतदान जाहीर झाल्यावर भरून उपयोग नाही, चार-सहा महिने आधीपासून बसावं लागतं. तेव्हा कुठलाच पक्ष दिसला नाही, आणि आदल्या दिवशी मात्र टोप्या घालून हजर, वर फोटो काढून स्टेटसला.

खडीसाखर: ताई, यादीचं काम आम्ही करतो, उद्यापासून दोन पोरं देतो. फक्त पत्रकावर पक्षाचं नाव राहू द्या, नाहीतर या पोरांना तरी काय मिळतं? फुकट राबतात बिचारी, पेट्रोलही खिशातलं.

पारावरचा: आलं का बाहेर 😀 झेडपीची पेरणी चाललीये.

खडीसाखर: मग? पक्ष आहे, भजनी मंडळ नाही. काम करून मतं मागणं हा गुन्हा कधीपासून झाला, कामं न करता मागणारे चालतात ना तुम्हाला?

कावेरी_बचतगट: मतं मागा, मागू नका असं मी म्हणतच नाही, पण निकाल लागल्यावर मागा. तोवर टोप्या घरी ठेवा आणि पत्रकावर फक्त आडवी बाटली छापा. आणि ती दोन पोरं सोमवारी अकराला समाजमंदिरात पाठवा, येताना मतदार यादीची प्रिंट आणा, आमच्याकडची उंदरांनी कुरतडलीये.